बागेचे फाटक आणि टेलिफोनची तार

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात इंग्रजांनी नाव घ्यावे अशी एकही बाग उभारली नाही. तरीही इथली प्रत्येक बाग आजही त्यांच्याच कायद्याच्या बुद्धीने चालते. टेलिफोनची कथा याहून चमत्कारिक आहे. इंग्रज गेले तेव्हा डोंबिवली म्हणजे भातशेतीच्या मधले एक छोटे स्टेशन होते. तिथे घरोघरी फोन यायला पुढे चाळीस-पन्नास वर्षे लागली. पण आला तो १८८५ च्या कायद्याचे बोट धरूनच आला, आणि त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर व्हायला २०२३ साल उजाडावे लागले.

बाग आणि फोन यांची मोट एकत्र का बांधायची, असे वाचक विचारील. कारण दोन्हींचे काम एकच: माणसांची गाठ घालून देणे. एक समोरासमोर, दुसरे दुरून. वसाहतीच्या सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्हींसाठी नियम केले आणि दोन्हीकडे वाटणी एकाच पद्धतीने केली. अधिकार सगळा सरकारकडे. कर्तव्य मात्र जमेल तसे, परवडेल तसे. नागरिकाने परवानगीने यायचे, परवानगीने बोलायचे, आणि सेवा मिळाली नाही तर जाब विचारायचा नाही. ही वाटणी १९४७ नंतर मोडायला हवी होती. ती आपण मोडली नाही, जपली, असे माझे म्हणणे आहे. आणि त्याची झळ मुंबईपेक्षाही मुंबईच्या पलीकडच्या या पट्ट्याला जास्त बसली आहे.

आधी टेलिफोन. १८८० च्या डिसेंबरात लंडनमध्ये एका खटल्याचा निकाल लागला. एडिसनच्या टेलिफोन कंपनीचे म्हणणे असे की आमचे यंत्र नवे आहे, त्यातून माणसाचा आवाज जातो, त्याला तारेचे कायदे लागू होत नाहीत. पोस्ट खात्याचे म्हणणे, तार ती तार. निकाल खात्याच्या बाजूने लागला. तो लिहिणारे न्यायाधीश होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. हे गृहस्थ आपल्या चांगल्याच ओळखीचे. १८६९ ते १८७२ या काळात ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेमंत्री होते. पुराव्याचा कायदा त्यांचा, आणि ज्या राजद्रोहाच्या कलमाखाली पुढे टिळकांना शिक्षा झाली ते १२४ अ दंडसंहितेत घुसले तेही त्यांच्याच कारकिर्दीत, १८७० साली. बोलणाऱ्यावर खटला कशाने भरायचा हे ज्यांनी ठरवले, त्यांनीच बोलण्याची तार कोणाच्या मालकीची हेही ठरवावे, हा योगायोग असेल; पण मोठा बोलका योगायोग आहे.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारकडे दोन कंपन्यांचे अर्ज आले होते, ओरिएंटल टेलिफोन कंपनीचा आणि अँग्लो-इंडियन टेलिफोन कंपनीचा. सरकारने ते फेटाळले. कारण दिले की टेलिफोन ही सरकारची मक्तेदारी आहे आणि सरकार स्वतःच तो सुरू करणार आहे. वर्ष गेले, सरकारने काही सुरू केले नाही, आणि १८८१ मध्ये ओरिएंटल कंपनीला परवाना देऊन टाकला. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे एक्स्चेंज उघडली. कलकत्त्याच्या एक्स्चेंजला ९३ ग्राहक होते. मक्तेदारी हवी, तिच्यावर पैसा घालायची मात्र घाई नाही, ही वृत्ती टेलिफोनच्या जन्माआधीच दिसून आली.

मग १८८५ चा तार कायदा आला. त्यातल्या तारेच्या व्याख्येतच टेलिफोनही बसवला होता. या कायद्याची तीन कलमे शेजारी ठेवून वाचावीत. कलम ४ म्हणते, तारयंत्रणा उभारण्याचा, राखण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारचा. इतरांनी परवाना घ्यावा. कलम ५ म्हणते, सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी हवे असेल, तर सरकार संदेश अडवील, उघडील, यंत्रणा ताब्यात घेईल. आणि कलम ९ म्हणते, संदेश घेण्यात, पाठवण्यात किंवा पोचवण्यात कर्मचाऱ्याने कर्तव्यात कसूर केली आणि कोणाचे नुकसान झाले, तर सरकार जबाबदार नाही. तार आमची, ऐकण्याचा हक्क आमचा, नुकसान तुमचे. एवढा प्रांजळ कायदा शोधून सापडणार नाही.

हा कायदा सुलतानी होता, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण त्याची मजा पुढे आहे. मुंबईत खाजगी टेलिफोन कंपनीच सहा दशके चालली. १९४३ मध्ये सरकारने तिचा कारभार घेतला. स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशात मिळून फोन एक लाखाच्या आत होते. नव्या सरकारला कायदा बदलायची पूर्ण मोकळीक होती. त्याने बदल केले, नाही असे नाही. १९५७ च्या दुरुस्तीने कलम ७ ब आले: बिलाबद्दल, यंत्राबद्दल तंटा झाला तर केंद्र सरकारने नेमलेल्या लवादापुढे जावे आणि त्याचा निर्णय अखेरचा मानावा. हे कलम कुठल्या लाटसाहेबाने घातलेले नाही, आपल्या निवडून आलेल्या संसदेने घातले. पुढे ग्राहक संरक्षण कायदा आला, तरी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाकडे बोट दाखवून सांगितले की टेलिफोनच्या बिलाची तक्रार ग्राहक मंचाकडे नेता येणार नाही. ती वाट मोकळी व्हायला २०२२ उजाडले. गोऱ्या साहेबाने जबाबदारी झटकली होती; आपल्या माणसांनी ती झटकण्याला रीतसर कचेरी काढून दिली.

डोंबिवलीकर आणि कल्याणकर यांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत मुंबईच्या चाळी सोडून मध्यमवर्ग इकडे आला. ब्लॉक मिळाला, पाणी कमी-जास्त मिळाले, फोन मिळेना. अर्ज भरायचा, अनामत भरायची, प्रतीक्षायादीत नाव लावायचे आणि वाट पाहायची. ज्याच्याकडे जास्त पैसे असतील त्याने ‘ओन युअर टेलिफोन’मध्ये अर्ज करायचा. त्या योजनेच्या नावाइतका विनोद खात्याने पुन्हा केला नाही, कारण फोन कधीच तुमचा नसायचा. तोवर चालायचा तो पी.पी. नंबर. इमारतीत एकाच घरी फोन, आणि सगळ्या मजल्यांच्या लग्नपत्रिकांवर तोच नंबर. कोणाच्या मुलीचे कुठे जमले, कोणाच्या सासऱ्यांना दवाखान्यात हलवले, कोणाच्या मुलाला नोकरी लागली, हे सगळे आधी फोनवाल्या काकूंना कळायचे. कलम ५ मधली ऐकण्याची सोय सरकारने काकूंना नकळत बहाल केली होती, म्हणायला हरकत नाही. थट्टा सोडली तरी त्यातली अडचण खरी होती: ज्याला स्वतःचा फोन नाही, त्याला स्वतःचे खाजगी बोलणेही नव्हते.

आणि मग आली हद्द. १९८६ च्या एप्रिलमध्ये महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले, दिल्ली आणि मुंबई या दोन शहरांसाठी. मुंबईच्या हिश्शात ठाणे आणि नवी मुंबई होती. कल्याण-डोंबिवली बाहेर राहिली, कल्याण टेलिफोन जिल्ह्यात. पुढे ती बीएसएनएलकडे गेली. ठाण्याचा कोड ०२२, डोंबिवलीचा ०२५१. ठाणे स्टेशन ते डोंबिवली स्टेशन हे अंतर रेल्वेने जेमतेम पंधरा किलोमीटर. ज्या डोंबिवलीकराने रोज सकाळी लोकलला लोंबकळत दादर-चर्चगेट गाठायचे, त्याच्या बायकोने त्याला ऑफिसात फोन केला तर तो परगावचा फोन ठरायचा. पिवळ्या पाट्यांच्या एसटीडी बूथवर रात्री उशिरा दर चौथाईवर आले की रांग लागायची. पुढे ९५ लावून फोन करायची सोय झाली. मुंबईतून ९५२५१ फिरवले की डोंबिवली. तीही सवलत म्हणून मिळाली, मुंबईचे उपनगर आहात म्हणून नव्हे. रेल्वेने हा पट्टा १८५३-५४ मध्येच मुंबईला जोडला होता. टेलिफोन खात्याला ते मान्य करायला आणखी दीडशे वर्षे लागली.

आता बाग. इथे ठाण्याची स्थिती उलटी आहे. टेलिफोन आपल्याकडे नव्हताच; मोकळी जागा मात्र होती, आणि ती इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून. ठाणे ही शिलाहारांची राजधानी. तळ्यांचे शहर ही तिची ख्याती आजही सांगितली जाते. मासुंदा तलावाच्या काठचे कौपीनेश्वराचे देऊळ १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी नव्याने बांधले. कल्याणला शेणाळे तलाव होता, खाडीचे काठ होते, दुर्गाडीची टेकडी होती. तळ्याकाठी बसायला, देवळापुढे जमायला, गायरानात गुरे सोडायला कोणाचा परवाना लागत नसे. हा काळ सोन्याचा होता असे मला सुचवायचे नाही. त्या तळ्यावर सगळ्या जातींना सारखा हक्क नव्हता, आणि ज्याला नव्हता त्याच्या लेखी गावकी म्हणजे जुलूमच होता. पण जागा कोणाची, या प्रश्नाचे उत्तर ‘सरकारची’ असे नव्हते.

ते उत्तर नंतर आले. १८५० च्या कायद्याने नगरपालिका काढायची मुभा मिळाली. कल्याणची नगरपालिका १८५५ ची, ठाण्याची १८६३ ची. १८७८ चा जंगल कायदा आणि १८७९ ची जमीन महसूल संहिता यांनी उरलेली मोकळी जमीन सरकारच्या वहीत नोंदवली. ठाणे जिल्ह्यात हा वाद इतका पेटला की ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांच्या जंगलांसंबंधी गाऱ्हाणी ऐकायला मुंबई सरकारला कमिशन नेमावे लागले; त्याचा अहवाल १८८७ चा. गायराने जंगल खात्याच्या घशात जातात, ही शेतकऱ्याची तक्रार जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ मध्येच मांडली होती.

याच ठाणे जिल्ह्यात सरकारने एक बाग मात्र केली, आणि ती डोंगराएवढी. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात माथेरानवर चढले. हा डोंगर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांना तो आवडला, प्लॉट आखले गेले, चालायच्या वाटा काढल्या, पॉइंटांना साहेबांची नावे पडली, देखरेखीला सुपरिंटेंडेंट आला. झाडे तोडायची नाहीत, हा नियम चोख पाळला गेला, आणि माथेरान आजही हिरवे आहे ते त्यामुळेच, हे कबूल केले पाहिजे. पण तो नियम कोणासाठी होता, हेही पाहावे. साहेबाच्या बंगल्याभोवतीची सावली राखायची आणि त्याच डोंगरातल्या ठाकर-कातकऱ्यांनी लाकूडफाट्याला हात लावायचा नाही. मोकळी जागा जपायची कुवत सरकारकडे पुरेपूर होती. ती कोणासाठी वापरायची, हा निवडीचा प्रश्न होता.

मुंबईत सार्वजनिक बागा झाल्या. भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये उघडली; १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे आली. इंग्लंडात डर्बीची बाग १८४० ची, बर्कनहेडची १८४७ ची. तिथल्या बागांमागे कल्पना अशी की गिरणीकामगाराला मोकळी हवा मिळावी आणि दारूच्या गुत्त्याऐवजी त्याने कुटुंबासह इथे यावे. शिकवणीचा वास त्याही कल्पनेला होताच. तिथल्या लोकांनी मात्र ती शिकवण निमूट ऐकून घेतली नाही. १८६६ च्या जुलैमध्ये लंडनच्या हाइड पार्कची दारे सभेसाठी बंद केली, तेव्हा गर्दीने कठडे उखडले. सहा वर्षांनी पार्लमेंटने कायदा केला आणि त्या बागेत सभेला रीतसर जागा मिळाली.

मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर याच्या उलट घडले. तिथे पारशी आणि हिंदू पोरे क्रिकेट खेळत. युरोपियनांनी त्याच जमिनीवर पोलो सुरू केला. घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्या उखडल्या. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्रिकेटवाल्यांनी सरकारकडे अर्ज केले. एकदा निकाल त्यांच्या बाजूने लागला, मग युरोपियनांच्या जिमखान्याने उलट अर्ज केला आणि पोलो परत आला. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये या झगड्याची हकीकत छापून ठेवली, म्हणून ती आपल्याला ठाऊक आहे. कठडा उखडणाऱ्याला हक्क मिळाला आणि अर्ज करणाऱ्याला सवलत मिळून ती काढूनही घेतली गेली. यावरून कठडे उखडावेत असा सल्ला मी देत नाही. मुद्दा वेगळा आहे: इथे मैदानाचा वापर हा कधी हक्काचा प्रश्न झालाच नाही, तो कायम मेहेरबानीचा राहिला.

मेहेरबानीचे शास्त्र पुढे पोलीस कायद्याने पक्के केले. १८९० चा जिल्हा पोलीस कायदा, १९०२ चा मुंबई शहराचा पोलीस कायदा. मिरवणूक, वाद्ये, जमाव यांवर नियंत्रण. गणेशोत्सव सार्वजनिक झाला तो याच काळात, आणि मेळ्यांच्या पदांवर पोलिसांची नजर राहिली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तर मैदान आणि तार हे दोन्ही धागे एकाच महिन्यात एकत्र आले. मुंबईत गोवालिया टँक मैदानावर ८ तारखेला ‘छोडो भारत’चा ठराव झाला, ९ ला पहाटे नेत्यांना अटक झाली, मैदानावर अश्रुधूर सुटला. मैदान बंद झाले तेव्हा उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. नोव्हेंबरात तो पकडला गेला. जमलात तर जमावबंदी मोडली, आकाशातून बोललात तर विनापरवाना यंत्र चालवले. दोन्ही दारांना कडी एकाच हाताने घातलेली.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मुंबई पोलीस कायदा झाला. त्याने जुने कायदे रद्द केले आणि त्यांचा ऐवज पोटात घेतला. त्यातले कलम ३७ ठाणे-कल्याणच्या वृत्तपत्रवाचकाला तोंडपाठ असेल. सण आला, निवडणूक आली, कोणी मोर्चाची भाषा केली, की ठाणे पोलीस आयुक्तालयाचा मनाई आदेश निघतो. पाच किंवा अधिक माणसांनी जमायचे नाही, घोषणा द्यायच्या नाहीत, प्रतिमा जाळायच्या नाहीत. कायदा म्हणतो की जमावबंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालू नये. म्हणून पंधरवडा संपला की नवा आदेश. सगळ्यांना माहीत असते की हा आदेश सगळ्यांना लावला तर डोंबिवलीच्या एका फलाटावरच हजारो गुन्हे दाखल होतील. तो सगळ्यांना लावण्यासाठी नसतोच; हव्या त्या दिवशी हव्या त्या माणसाला लावता यावा म्हणून हाताशी ठेवलेला असतो. याच कायद्याखालच्या एका नियमाबद्दल, अहमदाबादच्या हिंमतलाल शहांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगितले होते की रस्त्यावर सभा घेण्याचा नागरिकाला हक्क आहे. सरकार त्याचे नियमन करील, पण परवानगी देणे-न देणे अधिकाऱ्याच्या लहरीवर सोडता येणार नाही. निकाल झाला. लहर काही फारशी गेली नाही.

इथपर्यंत मी नियमांविरुद्ध बोलतो आहे असे वाटेल. तसे नाही. नियम नसते तर मासुंदा तलाव कधीच बुजला असता, आणि डोंबिवलीच्या भागशाळा मैदानावर टॉवर उभा राहिला असता. कोणी म्हणेल, बागेत रात्री गर्दुल्ले बसतात, फाटक बंद करायला नको का? करावे. कोणी म्हणेल, फोनवर कट शिजतात, सरकारने ऐकायचेच नाही का? ऐकावे, न्यायालयाला दाखवता येईल अशा कारणाने ऐकावे. माझा आक्षेप नियम आहेत याला नाही. चुकीच्या गोष्टीवर नियम कडक आहेत, आणि जिथे कडक हवेत तिथे ढिले आहेत, याला आहे.

महापालिकेचा कायदाच घ्या. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिका १९४९ च्या कायद्याखाली चालतात. त्यात १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याप्रमाणेच कामांचे दोन कप्पे आहेत. कलम ६३ मध्ये महापालिकेने केलीच पाहिजेत अशी कामे. कलम ६६ मध्ये वाटले तर करावीत अशी. सार्वजनिक बागा, उद्याने, खेळाची मैदाने दुसऱ्या कप्प्यात आहेत. बाग करणे ऐच्छिक आहे. बागेत तुम्ही कसे वागायचे याचे उपविधी मात्र सक्तीचे. हिरवळीवर बसू नये, चेंडू खेळू नये, दुपारी फाटक बंद. १८८५ च्या कायद्यातली ४ आणि ९ ही कलमे आठवून पाहा. घडण तीच आहे. १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली आणि तिच्यात बागा-मैदाने घातली, पण त्यानेही कर्तव्य सक्तीचे झाले नाही.

विकास आराखड्यात आरक्षण टाकले की जागा वाचली, असा एक भाबडा समज आहे. १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम १२७ सांगते की आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालकाने नोटीस द्यावी, आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द. मालकावर अन्याय होऊ नये हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. पण मुदत टळते ती कोणाच्या आळसाने, किंवा कोणाच्या सोयीने, हे विचारायची कायद्यात जागा नाही. बाग ऐच्छिक, त्यामुळे तिच्यासाठी पैसा शेवटी. पैसा शेवटी, त्यामुळे मुदत टळते. मुदत टळली की बाग जाते. आणि ज्या डोंबिवली शहरात बनावट परवानग्यांच्या जोरावर ६५ इमारती उभ्या राहून त्यांना महारेराची नोंदणीही मिळाल्याचे उघड झाले, ज्या पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला, त्या शहराच्या प्रशासनाला जमिनीवर नजर ठेवता येत नव्हती, हे मी मानायला तयार नाही. बाकावर बसलेले जोडपे त्याच यंत्रणेच्या नजरेतून सुटत नाही.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी डोंबिवलीच्या फडके रोडवर जे घडते, ते या संदर्भात पाहावे. नवे कपडे घालून हजारो तरुण गणेश मंदिराच्या परिसरात येतात, जुने मित्र भेटतात, वाहतूक वळवावी लागते. ठाण्यात तलावपाळीवर तेच. वृत्तपत्रे याला सांस्कृतिक परंपरा म्हणतात, आणि ती आहेच. पण लाखांच्या वस्तीच्या शहराला वर्षातून एकदा एकमेकांना भेटायला रस्ता अडवावा लागतो, कारण एवढी माणसे मावतील अशी बाग गावात नाही, हेही त्यातच आहे. या गर्दीला कोणी आयोजक नाही, परवाना नाही, फलक नाही. तरी ती दरवर्षी जमते आणि दुपारी पांगते. माणसे जमली की अनर्थ होतो या सरकारी गृहीतकाला याहून चांगले उत्तर नाही.

फोनच्या बाबतीत आज चित्र बदलले आहे, असे वाटते. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. प्रतीक्षायादी गेली, पी.पी. नंबर गेला, ०२५१ फिरवायची वेळ क्वचित येते. हे खाजगी कंपन्यांमुळे झाले आणि तंत्रामुळे झाले, मान्य. पण त्या कंपन्याही तार कायद्याच्या कलम ४ खालच्या परवान्यावरच उभ्या राहिल्या. ऐकण्याचा अधिकारही जागचा हलला नाही. फोन चोरून ऐकण्यासाठी गृहसचिवाचा लेखी आदेश हवा आणि त्यावर आढावा समिती हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात पीयूसीएलच्या खटल्यात सांगितले, म्हणजे कायदा झाल्यावर १११ वर्षांनी. न्यायाधीशाची परवानगी तेव्हाही सक्तीची झाली नाही. आज सरकारचा आदेश सरकारचेच सचिव तपासतात. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्याची काही कलमे २६ जून २०२४ पासून लागू झाली. संदेश अडवणे आणि सेवा थांबवणे यांचे अधिकार त्यात आहेत, आणि ‘सार्वजनिक आणीबाणी’, ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे दोन जुने खांब जसेच्या तसे उभे आहेत.

त्याचा अर्थ काय, हे आपल्या जिल्ह्याने लगेच पाहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराने लोक संतापले आणि २० तारखेला त्यांनी रेल्वे रोखून धरली. लाठीमार झाला, गुन्हे दाखल झाले, आणि बदलापुरात इंटरनेट बंद करण्यात आले. स्टेशन रिकामे केले आणि फोनही मुका केला. रुळांवर उतरलेल्यांना हटवणे समजू शकते. हजारो प्रवासी अडकले होते. पण आपल्या मुलीच्या शाळेत काय चालले आहे हे दुसऱ्या पालकाला विचारणाऱ्या आईचा फोन बंद करून कोणती सुरक्षितता साधली? तालुक्यात अफवा पसरतील म्हणून तालुकाच गप्प करायचा, ही युक्ती अफवांना नेहमीच सोयीची ठरली आहे. इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध करावेत आणि ते न्यायालयात तपासता यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सांगितले होते.

वसाहतीला दोष देऊन आपली सुटका होणार नाही. स्टीफनसाहेब जाऊन सव्वाशे वर्षे झाली. महापालिका कायद्याच्या कलम ६६ मधून बागा आणि मैदाने उचलून कलम ६३ मध्ये घालायला दिल्लीला जावे लागत नाही, ते विधानसभेच्या हातात आहे. आरक्षित बागेची मुदत कोणाच्या हयगयीने टळली, त्या अधिकाऱ्याचे नाव जाहीर करण्याची तरतूद करायलाही तिथेच मत लागेल. ठाणे जिल्हा विधानसभेवर १८ आमदार पाठवतो. पुढच्या वेळी यांपैकी कोणी तुमच्या सोसायटीत मते मागायला आले, तर रस्ता, गटार, पाणी हे विचाराच. त्यांच्या जोडीला हे दोन प्रश्न विचारा, आणि उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा. तुमच्या प्रभागात बागेसाठी राखलेला भूखंड कोणता आणि तो आज कोणाच्या ताब्यात आहे, हे माहिती अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात.